रातपाळीच्या घरातला शनिवार

शनिवार, ७ जुलै १९७९. पहाटेचे साडेचार वाजलेत. तुम्ही मुंबईत, लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे आहात. रात्रभर धरलेला पाऊस अजून सुटलेला नाही. भिंतीकडे सरकून झोपलेल्या पुरुषांना ओलांडत बायका कळश्या घेऊन नळाकडे निघाल्या आहेत. तुम्ही कोण, कुठले, हे कुणी विचारत नाही. गावाहून आलेला पाहुणा या चाळीला नवा नाही. "आलात का? मग ही बादली धरा," एवढंच स्वागत होतं आणि तुम्ही रांगेला लागता.

पाणी साडेसहाला जाणार. तोवर पिंप, हंडा आणि मोरीतल्या बादल्या भरायला हव्यात. तुम्ही ज्यांच्याकडे उतरला आहात, त्या घराला दहा बाय बाराची एकच खोली आहे. आई, बाबा, आठवीतली थोरली, पाचवीतला मधला आणि चार वर्षांची धाकटी. एक लोखंडी खाट, खाटेखाली ट्रंका, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी. संडास गॅलरीच्या टोकाला, आणि तिथेही रांग.

थोरली तुमच्याआधी उठली आहे. कार्ड आणि रिकाम्या बाटल्या घेऊन ती आरेच्या दूधकेंद्रावर जाऊन आली. भरलेल्या बाटल्या छातीशी धरून जिना चढताना तिचा फ्रॉक खांद्यापासून ओला झाला. तो बदलायलाही ती थांबत नाही. स्टोव्ह पेटवून चहा टाकते, धाकटीच्या केसांचा गुंता काढते, मधल्याला दोनदा हाका मारून तिसऱ्यांदा हलवते. शाळेत तिला बालवर्षावर निबंध लिहायला सांगितलाय. संयुक्त राष्ट्रांनी १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष जाहीर केलंय. वहीत निबंधाचं नाव लिहून झालंय, पुढचं पान कोरं आहे.

पावणेसात. शनिवारची सकाळची शाळा. मधल्याची एक चप्पल सापडत नाही. आई ट्रंकांमागे हात घालते, तुम्ही पोटमाळा बघता. चप्पल मोरीत निघते, भिजलेली. "रात्रीच जागेवर ठेव म्हटलं होतं ना?" आई ओरडते. "मी ठेवली होती!" तो त्याहून मोठ्याने. धाकटीला आज शाळा नसूनही दादाबरोबर जायचंय, म्हणून ती दारात आडवी पडली आहे. घरात एक छत्री, तिची एक काडी सुटलेली. थोरली आणि मधला तीच धरून जिना उतरतात आणि खाली पोचेपर्यंत दोघांचाही एकेक खांदा भिजतो.

हे सगळं तुम्हाला ओळखीचं आहे. चप्पल आणि छत्रीच्या जागी आपल्या घरात ओळखपत्र आणि पाण्याची बाटली असते, पण सकाळच्या या पंधरा मिनिटांत आईच्या आवाजाला येणारी धार तीच आहे.

सात वाजता गिरणीचा भोंगा होतो. रातपाळी सुटली. सव्वासातला बाबा दारात येतात. डोक्यात, भुवयांवर कापसाचे तंतू. ते साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर आहेत. रात्रभर साच्यांच्या खडखडाटात उभं राहिल्यावर कानांत तो आवाज बराच वेळ राहतो, म्हणून ते घरी आल्यावर मोठ्याने बोलतात. चहा, भाकरीचा तुकडा, आणि आठाच्या आत ते खाटेवर आडवे होतात.

इथून दिवसाचं खरं अवघड काम सुरू होतं. एका खोलीत दिवसा झोपणारा माणूस आणि त्याच खोलीत चालणारा संसार. आई मोठा आवाज करणारा प्रायमस बंद करते आणि वातीचा स्टोव्ह घेते. स्वयंपाकाला दुप्पट वेळ लागेल, पण आवाज होणार नाही. भांडी ती फडक्यावर पालथी घालते. शेजारच्या खोलीतला रेडिओ कुणी न सांगता बारीक होतो. या मजल्यावर कुणाची रातपाळी आहे हे प्रत्येक बाईला माहीत असतं. उद्या तिच्या घरी रातपाळी असेल, तेव्हा या घरातली भांडी फडक्यावर पालथी पडतील.

धाकटीला मात्र गप्प बसवणं कुणाच्याच हातात नाही. आई तिला उचलून शेजारच्या काकींकडे सोडते. काकी खानावळ चालवतात. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार अशा खोल्यांमधूनच जेवतात. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हापासून या खानावळवाल्या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी झाली. नाहीतर डाळ-तांदळाच्या भांडवलासाठी सावकाराकडे दागिना ठेवावा लागे. काकी धाकटीच्या हातात कणकेचा गोळा देतात. ती त्याची बाहुली करते, मोडते, पुन्हा करते. दोन बायका मेथी निवडत बसल्यात. तिघींचं अधूनमधून धाकटीकडे लक्ष असतं आणि एकीचंही पूर्ण नसतं. तेवढं तिला पुरतं.

आई रॉकेलच्या रांगेत उभी राहायला निघून गेली. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही. मूल दुसऱ्याकडे सोडताना आपल्या पोटात जो खड्डा पडतो, तो तुम्ही तिच्या चेहऱ्यावर शोधता. तो तिथे नाही.

साडेअकराला शाळा सुटते. पाऊस असा की खालच्या पटांगणात पाणी, हिंदमाता चौकात रस्त्यावर गुडघाभर. मुलं बाहेर जाऊ शकत नाहीत आणि घरात बाबा झोपलेत. मधला आणि त्याचे दोन मित्र गॅलरीत रबरी चेंडू काढतात. "हळू रे!" असं तुम्ही म्हणेपर्यंत चेंडू काकींच्या उंबऱ्यावरून आत जातो आणि लोणच्याची बरणी फुटते. मे महिन्यात घातलेलं, वर्षभर खानावळीला पुरवायचं लोणचं. काकी उठतात आणि मधल्याच्या पाठीत धपाटा घालतात.

त्याच वेळी आई रॉकेलचा डबा घेऊन जिन्यात पोचते. "माझ्या पोराला हात लावायचा नाही!" "मग पोराला आवर घाल!" बरणीचं निघतं, मग मागच्या महिन्यात नेलेल्या साखरेचं, मग गेल्या गणपतीतलं काहीतरी. दारादारांत माणसं येतात. बाबा जागे होतात, जेमतेम साडेतीन तास झोपून, आणि सगळ्यांवर एकदम ओरडतात. आई आत जाते, मोरीत तोंड भिंतीकडे करून उभी राहते आणि नळ नसलेल्या मोरीत बादलीतलं पाणी उगाच तांब्याने ओतत राहते. धाकटी कणीक लागलेल्या हातांनी तिची साडी धरून विचारते, "आता मी काकीकडे जायचं नाही?"

तुम्हाला मधे पडावंसं वाटतं. पडू नका. पण एक गोष्ट मनात पक्की ठेवा. दुसऱ्याच्या मुलाला मारायचा जो हक्क तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरला होता, तो चूकच होता. मधल्याच्या पाठीपेक्षा त्याच्या मनाला जास्त लागलंय, आणि ते विचारणारं या गडबडीत कुणी नाही. जुन्या दिवसांबद्दल जिव्हाळ्याने बोलताना हेही सांगायला हवं.

चार वाजता काकींच्या दारात डबेवाला थांबलाय आणि भाकऱ्या झालेल्या नाहीत. हाताखालची बाई पावसामुळे आलीच नाही. आई आपल्या उंबऱ्यातून हे पाहते. काही न बोलता ती उठते, काकींच्या परातीशी जाऊन बसते आणि पीठ मळायला घेते. काकी तवा तिच्याकडे सरकवतात. अर्ध्या तासाने काकी म्हणतात, "मीठ कमी झालंय गं." भांडण संपलं. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही.

इकडे बाबा सुटलेल्या काडीची छत्री मांडीवर घेऊन बसलेत. तुटलेले धागे क्षणात जोडणारी त्यांची बोटं सुईदोऱ्याने काडी पक्की करतात. मधला लांबून बघतो, मग जवळ येतो, मग दोरा धरतो. बाबा विचारतात, "लागलं का रे?" तो नाही म्हणतो. बाबा त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. एवढं करायला त्यांना झोपेतून उठून चार तास लागले, पण त्यांनी ते केलं.

संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या एकुलत्या एका टीव्हीपुढे सगळी चाळ जमते. मुंबई दूरदर्शन सुरू होऊन सात वर्षंही झालेली नाहीत. शनिवारी मराठी सिनेमा. मुलं जमिनीवर, बायका भिंतीशी, पुरुष दारात. दुपारी जे एकमेकांवर ओरडले, ते आता एकाच चटईवर गुडघे जुळवून बसलेत. मधेच बातम्या लागतात तेव्हा कुणी तान्ह्याला दूध पाजून येतं, कुणी भात उतरवून येतं. टीव्हीवाल्या घरातली बाई प्रत्येक शनिवारी तीस माणसांचा चिखल पुसते. कंटाळत असणारच, तरी दार लावत नाही.

थोरली सिनेमाला आत बसलेली नाही. ती जिन्यातल्या दिव्याखाली निबंध लिहितेय. तिच्या पायाशी धाकटी झोपली आहे. चाळीने मुलं सांभाळली असं आपण म्हणतो, तेव्हा ते सांभाळणारे हात कुणाचे होते हे नीट पाहा. ते बायकांचे होते, आणि बायकांच्या आधी थोरल्या मुलींचे. या तेरा वर्षांच्या पोरीने आज दूध आणलं, पाणी भरलं, दोन भावंडांना तयार केलं, भांडी घासली. बालवर्षातलं तिचं स्वतःचं बालपण रात्री साडेआठला सुरू झालं आणि झोप येईपर्यंत टिकलं.

रात्री अंथरुणं पडतात. मधला डोळे उघडे ठेवून छताकडे बघतोय. शाळेत कुणीतरी सांगितलंय की स्कायलॅब आपल्यावर पडणार आहे. अमेरिकेची ती सत्तर टनांहून जड अंतराळ प्रयोगशाळा कोसळतेय, हे या दिवसांत सगळ्या देशाच्या तोंडी आहे. "पाहुणे, आपल्या चाळीवर पडली तर?" तो तुम्हाला विचारतो.

तुम्हाला उत्तर माहीत आहे. बुधवारी, ११ जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडतील. या चाळीचं एक कौलही हलणार नाही. "नाही पडणार, झोप," असं तुम्ही अगदी खात्रीने सांगता, आणि तो झोपतो.

पण तुम्हाला आणखीही माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू होईल. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडतील आणि त्यातल्या कितीतरी जणांना पुन्हा गिरणीचं दार दिसणार नाही. या खाटेवरची रातपाळी संपेल. मुलांच्या भीतीला नाव असतं. ज्याने खरंच घर हलणार असतं, त्याची त्या रात्री कुणालाच भीती वाटत नाही. तेव्हाही या घराला तगवणारी माणसं आज दुपारी भांडत होती तीच असतील: खानावळीत भाकऱ्या भाजणारी आई, उधारीवर डाळ देणाऱ्या काकी, आणि त्यांच्या जोडीला शाळा सोडून कामाला लागलेल्या कितीतरी थोरल्या मुली.

आता परत या. तुमच्या घरात गॅस आहे, चोवीस तास पाणी असेल, मुलांना कदाचित वेगळी खोली आहे. त्या आईला ज्या रांगांत दिवस घालवावा लागला, त्यातली एकही रांग तुमच्या वाट्याला नाही. तरी संध्याकाळी तुम्ही दमता, मुलावर ओरडता, आणि रात्री तो झोपल्यावर त्याच्याकडे बघत स्वतःला दोष देत बसता. त्या आईची दमणूक तुमच्याहून मोठी होती. स्वतःला असा दोष मात्र ती देत नव्हती. ती जास्त धीराची होती किंवा मुलांवर कमी माया करत होती, असं नाही. तिचा आरडाओरडा वीस खोल्यांनी ऐकला होता आणि वीस खोल्यांचा तिने ऐकला होता. प्रत्येक घरात चप्पल हरवते, प्रत्येक घरात मूल दारात आडवं पडतं, हे तिला रोज दिसत होतं. आपलंच घर बिघडलंय, असं वाटायला तिथे जागाच नव्हती.

आपण दारं बंद केली, आणि ती का बंद केली हे मी समजू शकतो. त्या मोरीत तोंड लपवून रडणाऱ्या बाईला एक बंद दार हवंच होतं. थोरलीला अभ्यासाला एक टेबल हवं होतं. तो एकांत मोलाचा आहे आणि तो कुणी परत देऊ नये. पण बंद दाराआड आपण इतर घरांबद्दल एक खोटी समजूत करून घेतली आहे, की तिथे सगळं शांत आणि सुरळीत चाललंय. तसं कुठेही चाललेलं नाही.

म्हणून एक मागणं आहे. शेजारच्या घरात मूल रडत असेल, आईबापाचा आवाज चढला असेल, तर दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्यावर नजर चुकवू नका. "आमच्याकडेही कालच असं झालं," एवढं सांगा. तासभर मूल आपल्याकडे ठेवून घ्या आणि पुढच्या आठवड्यात आपलं तिकडे पाठवा. हे काम फक्त बायकांवर आणि मोठ्या मुलीवर टाकू नका. घरातल्या पुरुषांनी भाकरीच्या परातीशी बसावं, आणि मुलाची पाठ कुरवाळायला चार तास घेऊ नयेत. दमणूक याने जाणार नाही. आपण एकटेच अपयशी ठरल्याची भावना मात्र नक्की जाईल, आणि मुलं वाढवताना माणसाला जास्त थकवते ती हीच भावना.