बी-१२, फोलेट आणि उतारवयातली स्मृती : प्रस्तावना

जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश टळतो का, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. या विषयात नव्याने येणाऱ्याने आधी विचारावे : कोणाचा? ज्याच्या शरीरात बी-१२ पुरेसे आहे त्याला आणखी देणे वेगळे आणि ज्याला ते कमी पडते आहे त्याची उणीव भरून काढणे वेगळे. या क्षेत्रातले बरेच वाद या दोन गोष्टी एकत्र केल्यामुळे झाले आहेत, असे मला वाटते.

या शास्त्राचा एक उगम मुंबईत आहे. डॉ. लूसी विल्स १९२८ मध्ये गरोदर गिरणी कामगार बायकांच्या रक्तक्षयाचे कारण शोधायला इथे आल्या. मार्माइट या यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. बी-१२ वेगळे काढता आले ते १९४८ मध्ये.

रक्तासाठी लागणाऱ्या या द्रव्यांचा मेंदूशी संबंध जोडणारा दुवा म्हणजे होमोसिस्टीन. प्रथिनांतून मिळणाऱ्या मेथिओनिनपासून हे अमिनो आम्ल पेशींत तयार होते. त्याचे पुन्हा मेथिओनिन व्हायला फोलेट आणि बी-१२ दोन्ही लागतात. दुसऱ्या वाटेने त्याचा निचरा व्हायला बी-६ लागते. यांतले काही कमी पडले की ते रक्तात साठते. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या दीर्घकालीन अभ्यासात सुधा शेषाद्री आणि सहकाऱ्यांना २००२ मध्ये दिसले की ज्यांचे होमोसिस्टीन दर लिटरमागे १४ मायक्रोमोलच्या वर होते त्यांना अल्झायमरचा धोका जवळपास दुप्पट होता. पण वाढलेले होमोसिस्टीन रोगाचे कारण की नुसती खूण, हे निरीक्षणाने ठरत नाही.

त्यासाठी ऑक्सफर्डमध्ये डेव्हिड स्मिथ, हेल्गा रेफ्सम आणि सहकाऱ्यांनी चाचणी घेतली. सत्तरी ओलांडलेल्या आणि स्मरणशक्ती थोडी मंदावलेल्या लोकांपैकी काहींना दोन वर्षे फॉलिक ॲसिड, बी-१२ व बी-६ दिले, बाकीच्यांना औषध नसलेल्या गोळ्या. १६८ जणांच्या एमआरआयवरून २०१० मध्ये कळले की मेंदू आकसण्याचा वेग औषधाविना वर्षाला १.०८ टक्के, तर औषधाने ०.७६ टक्के होता. ज्यांचे होमोसिस्टीन सुरुवातीलाच १३ च्या वर होते त्यांच्यात हा वेग निम्म्याहूनही खाली आला. मला या चाचणीतला हाच आकडा सर्वांत मोलाचा वाटतो. याउलट, अल्झायमर झालेल्यांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत याच जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेने होमोसिस्टीन उतरले, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. तो निष्कर्ष २००८ चा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले, त्यांत जीवनसत्त्वांची कमतरता नाही. पुरावा अजून तेवढा भक्कम नाही, म्हणून ते योग्यच झाले.

तरीही मला पुण्याकडे पाहावेसे वाटते. याच रेफ्सम यांनी के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यासह २००१ मध्ये पुण्यातल्या लोकांचे रक्त तपासले, तेव्हा जवळपास निम्म्यांत बी-१२ कमी आणि तीन-चतुर्थांशांहून अधिकांत होमोसिस्टीन वाढलेले निघाले. शाकाहार हे त्याचे एक मोठे कारण आहे, कारण वनस्पतींत बी-१२ नसते आणि शाकाहाऱ्याची सगळी भिस्त दूधदुभत्यावर राहते. शिवाय वयाबरोबर जठरातले आम्ल कमी होऊन अन्नातले बी-१२ नीट शोषले जात नाही, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिनही त्याची पातळी उतरवते. मोठ्या चाचण्या मात्र बहुतेक पाश्चात्त्य देशांत झाल्या. उणीव कमी असलेल्या समाजातले निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याकडे लावणे मला पटत नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये गरोदर मातांचा अभ्यास सुरू झाला. मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्यापैकी काहींची तपासणी झाली. गरोदरपणी बी-१२ खूप कमी असलेल्या मातांची मुले अवधान आणि अल्पकालीन स्मृतीच्या कसोट्यांत मागे पडली होती. ती मुले आता तिशीत आहेत. त्यांची स्मृती साठी-सत्तरीत कशी राहते हे पाहायला नव्या पिढीचे अभ्यासक लागतील : जीवरसायन जाणणारे, संख्याशास्त्र जाणणारे, गावातल्या स्वयंपाकघरात बसून आहार टिपून घेणारे. त्या वाटेवर येऊ पाहणाऱ्यांचे मनापासून स्वागत. त्यांनी होमोसिस्टीनच्या प्रकरणापासून वाचायला घ्यावे.