मालीश : दाब, दिशा आणि माध्यम

मालिशीचे प्रकार सांगताना स्वीडिश, थाई, केरळी अशी देशा-प्रांतांची नावे घेण्याची पद्धत आहे. शास्त्रीय विचाराला ती पुरत नाही. परिणाम ठरतो तो तीन गोष्टींवर : दाब किती, हाताची दिशा कोणती आणि हात व कातडी यांच्यामध्ये माध्यम काय. चोळणे, चेपणे, तिंबणे, रगडणे, थोपटणे ही आपली क्रियापदेच खरे वर्गीकरण करतात. स्वीडिश मालिशीतल्या क्रियाही साधारण याच आहेत. त्यांची फ्रेंच नावे रूढ करण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील डच वैद्य योहान मेत्झगर यांना दिले जाते.

माध्यमाचा फरक आयुर्वेदाने नेमका ओळखला. अभ्यंगात कोमट तेल असते आणि हात लवेच्या दिशेने फिरतो. घर्षण कमी, स्निग्धता जास्त. कोरडी, रुक्ष त्वचा आणि आखडलेले स्नायू यांना ते मानवते. उद्वर्तनात कोरडे चूर्ण लवेच्या उलट दिशेने चोळतात. घर्षण वाढते, त्वचा तापते, मळ निघतो. दिवाळीच्या पहाटे आपण आधी तेल आणि मग उटणे लावतो, तेव्हा हे दोन्ही विचार एका न्हाणीघरात भेटतात. वाग्भटाने अष्टांगहृदयात डोके, कान आणि पाय यांच्या अभ्यंगावर विशेष भर दिला. अजीर्ण झालेल्याला मात्र अभ्यंग वर्ज्य सांगितले. उद्वर्तनाने मेद कमी होतो असेही तो म्हणतो. हे मत आज जसेच्या तसे स्वीकारता येत नाही : चोळल्याने चरबी वितळत नाही.

दाबाचा प्रश्न याहून महत्त्वाचा. मायामी विद्यापीठातील टिफनी फील्ड यांनी 1986 मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटे, दहा दिवस अंग चोळलेल्या बाळांचे वजन इतरांपेक्षा 47 टक्के अधिक वेगाने वाढले. त्यांच्या पुढच्या संशोधनातून दिसले की गुण मध्यम दाबाचा आहे, हलक्या स्पर्शाचा नाही. घरच्या आजीचा ना हलका ना जड हात म्हणूनच मोलाचा. तिने बाळाच्या नाकाकानांत तेल सोडणे मात्र थांबवावे.

तालमीत मेहनतीनंतर अंग रगडून घेतात. त्याने स्नायूंतले लॅक्टिक आम्ल निघून जाते, ही समजूत चुकीची आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या 2012 मधील अभ्यासात मालिशीने ते आम्ल कमी झाले नाही. स्नायूंमधील दाहाचे संकेत मात्र मंदावले. अभ्यास अकरा तरुणांपुरता होता, तरी दिशा दाखवणारा आहे.

एक पोटरी अचानक सुजली, गरम लागली आणि दुखू लागली, तर ती कोणालाही चोळू देऊ नका. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.