दुसऱ्याच्या वाढीसाठी प्रार्थना : वाँटेज ते केडगाव

आपल्याकडे मुलुंडला व्याख्यान संपलं की बहुतेक वेळा पसायदान होतं. त्यात ज्ञानेश्वर देवाकडे मागतात ते दुसऱ्यांसाठी. दुर्जनांची वृत्ती पालटावी, माणसांत मैत्री व्हावी, असं ते मागणं आहे. ख्रिस्ती परंपरेतही याच्या जवळची गोष्ट आहे. पौलाची इफिसकरांना, फिलिप्पैकरांना, कलस्सैकरांना लिहिलेली पत्रं उघडून बघा. त्या लोकांना पैसा मिळावा, असं तो मागत नाही. त्यांची समज वाढावी, प्रेम वाढावं, एवढंच मागतो.

माझा विषय तत्त्वज्ञान. त्यामुळे मला इथे एक अडचण दिसते. दुसऱ्याची आध्यात्मिक वाढ मागायची, ठीक आहे. पण वाढ कशाला म्हणायचं हे कोण ठरवणार? मागणारा, की ज्याच्यासाठी मागितलं तो? हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात तीन वेळा उभा राहिला. आज त्या तीन प्रसंगांबद्दल बोलतो.

पहिला प्रसंग इंग्लंडमधला. १८८३ साली रमाबाई छोट्या मनोरमेला घेऊन वाँटेजच्या सेंट मेरी मठात राहिल्या आणि २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन त्यांची धर्ममाता. रमाबाई पत्रांत त्यांना 'आजीबाई' म्हणायच्या. जिव्हाळा खरा होता, पण पुढे खटके उडाले. त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंना पटेना. चर्च सांगतं म्हणून मान, हेही पटेना. स्वतःच्या सदसद्विवेकाचा हक्क मी कुणाच्या स्वाधीन केलेला नाही, अशी त्यांची भूमिका होती. जेराल्डिनबाईंना त्यात अहंकार दिसला. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. तो वाचताना जाणवतं की जेराल्डिनबाईंना रमाबाईंची वाढ मनापासून हवी होती. फक्त त्या वाढीचा नकाशा आधीच काढून ठेवलेला होता.

आणि गंमत बघा. रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहिलं की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आठ वर्षं गेली. तोवर त्या वाँटेजपासून दूर, हिंदुस्थानात, आपल्या कामात होत्या. विल्यम हॅस्लम नावाच्या पाद्र्याचं आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आलं आणि त्यांना स्वतःची उणीव कळली. म्हणजे वाढ झाली, पण कुणाच्या नकाशाप्रमाणे नाही.

दुसरा प्रसंग पुण्याचा. ११ मार्च १८८९ला मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आलं. विधवा मुलींची ही शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं, आणि काही मुली आत येऊन बसू लागल्या. गहजब झाला. १८९३ साली रानडे, भांडारकर वगैरे सल्लागारांनी राजीनामे दिले. काही पालक मुलींना घेऊन गेले.

इथे आपण घाईने एक बाजू घेऊ नये. माझ्याच खोलीत मी दार लावून, चोरून प्रार्थना का करावी, हा रमाबाईंचा प्रश्न रास्त होता. पण दुसरीकडून बघा. बारा-तेरा वर्षांची विधवा पोर. तिचं छप्पर, जेवण, शिक्षण, सगळं बाईंच्या हातात. ती उघड्या दारातून आत जाते, ते स्वतःच्या इच्छेने की बाईंना बरं वाटावं म्हणून? एकेकाळी जेराल्डिनबाईंपुढे स्वतः रमाबाई याच जागी उभ्या होत्या. आता त्या दुसऱ्या बाजूला होत्या.

तिसरा प्रसंग केडगावचा. दुष्काळातल्या हजारोंपैकी कितीतरी मुली-बायकांना रमाबाईंनी तिथल्या मुक्तिसदनात आणलं. जानेवारी १९०५मध्ये त्यांनी विचारलं, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण येईल? सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५० झाली. जूनअखेर जे घडलं त्याने भलेभले चकित झाले. मुली रडत होत्या, सगळ्या एकदम मोठ्याने प्रार्थना करत होत्या. पुष्कळ ख्रिस्ती मंडळींना हे शिस्तीला सोडून वाटलं. रमाबाईंनी मात्र ते दडपलं नाही. हिंदी माणसाची भक्ती हिंदी पद्धतीनेच व्यक्त होणार, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतः इतक्या विद्वान, शांत स्वभावाच्या. पण मुलींची वाढ आपल्यासारखीच दिसली पाहिजे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. माझ्या मते वाँटेजच्या वादातून त्या जे शिकल्या, ते इथे उपयोगी पडलं.

मी आयुष्यभर वर्गात शिकवलं. विद्यार्थी मोठा व्हावा असं वाटायचं, आणि खरं सांगतो, मनात त्याचं जे चित्र असायचं ते बरंचसं माझंच असायचं. पालकांचंही असंच होतं. म्हणून हा विषय फक्त चर्चमधला नाही.

दुसऱ्याच्या वाढीसाठी जरूर मागावं. तेवढा जिव्हाळा नसेल तर माणसं एकटी पडतात. पण जो आपल्या आधाराने जगतो, त्याच्यासाठी मागताना दुप्पट जपावं, आणि वाढीचा आकार आपण ठरवू नये. तो देवाने आणि त्या माणसाने मिळून ठरवावा. देव न मानणाऱ्यांनी वाक्यातला देवाचा उल्लेख गाळावा; उरलेलं वाक्य त्यांनाही लागू आहे.