सुजेआड हरवलेले मांस

घरात कुणाला हार्ट फेल्युअर निघाले की आपल्याकडे पहिला आकडा येतो तो ‘पंपिंग’चा. पंपिंग तीस टक्के आहे, औषधांनी पस्तीसवर आले, असे नातेवाईक एकमेकांना फोनवर सांगतात. मांड्या किती उतरल्या, दंड किती सुकले, याचा आकडा कुणाकडे नसतो. ‘दुखण्याने खंगलेत’ एवढ्यावर ते निभावते. गंमत अशी, की हृदयाच्या या दुखण्यात माणसाच्या नजरेला आधी दिसले होते ते हे खंगणेच. पंपिंग फार उशिरा आले. मधल्या काळात मांडीवरून छातीकडे गेलेली नजर पुन्हा मांडीवर कशी आली, याचा हा मागोवा.

वाटेत आपण आधी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सतराव्या अध्यायापाशी थांबू. या एकाच अध्यायात पाच हृद्रोग आहेत आणि अठरा क्षयही आहेत. नितंब, मान आणि पोट सुकत जाणे ही मांसक्षयाची खूण म्हणून नोंदवलेली आहे. हृद्रोग आणि मांसक्षय असे एका छपराखाली राहतात, पण दोघांना जोडणारा धागा तिथे ओवलेला नाही. आणि तो मागाहून ओवून ‘आमच्याकडे हे आधीच होते’ म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. मांस आणि सूज यांची जोडी स्पष्ट दिसते ती ग्रीसमध्ये, हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या लेखनात. मांस विरघळून त्याचे पाणी होते, पोट पाण्याने भरते, पाय सुजतात आणि त्याच वेळी खांदे, गळ्याची हाडे, छाती व मांड्या झिजत जातात, असे ते वर्णन आहे. असा रोगी वाचत नाही, असेही तिथे म्हटले आहे. मांसाचे पाणी होते हे शरीरशास्त्र अर्थातच चुकीचे. पण नजर अचूक होती. खाली भरते आणि वर ओसरते, हे दोन्ही एकाच देहात एकाच वेळी चाललेले त्या वैद्याने पाहिले होते. ‘कॅकेक्सिया’ हा वैद्यकातला शब्दही ग्रीकच. ‘वाईट अवस्था’ एवढाच त्याचा मूळ अर्थ.

पुढची बरीच शतके आपण झटकन ओलांडू. १६२८ मध्ये विल्यम हार्वीने रक्ताभिसरण सिद्ध केले आणि हृदय हे रक्त ढकलणारे यंत्र ठरले. यंत्र म्हटले की बिघाड यंत्रातच शोधायचा. तरी चांगल्या वैद्याची नजर सहजी सुटत नाही. १७८५ मध्ये बर्मिंगहॅमच्या विल्यम विदरिंगने फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. श्रॉपशरमधल्या एका वृद्धेच्या घरगुती काढ्यातून त्याला हे औषध गवसले होते. ग्रंथातल्या एका रोग्याचे पोट मोठे फुगलेले आणि बाकी सारा देह कृश झालेला त्याने नमूद केला आहे. या औषधाने लघवी सुटे, अंगावरचे पाणी उतरे आणि पाण्याखाली दडलेला खरा माणूस वर येई. १८६० मध्ये शार्ल मोरियाक या फ्रेंच वैद्याने या अवस्थेचे वर्णन ‘हृदयजन्य कॅकेक्सिया’ अशा अर्थाच्या नावाने केले. नाव मिळाले, विचार मात्र शंभर वर्षे जागचा हलला नाही.

याच शतकातले दोन विसरलेले पूर्वज इथे आठवायला हवेत. डब्लिनच्या विल्यम स्टोक्सने १८५४ च्या आपल्या हृदयरोगावरील ग्रंथात काही रोग्यांना बेताबेताने चालत राहण्याचा सल्ला दिला. म्युनिकच्या माक्स योझेफ एर्टेलने १८८० च्या दशकात टेकड्यांवरच्या चढत्या वाटांवर हृदयरोग्यांना मोजून मापून चालवण्याची पद्धतच बसवली. विसाव्या शतकाने दोघांनाही बाजूला सारले. दमलेल्या हृदयाला विश्रांती, हे सूत्र इतके सरळ वाटे की रोग्याला आठवडेच्या आठवडे, कधी महिनोनमहिने अंथरुणावर ठेवले जाई. अंथरूण स्वतःच काय करते, हे १९६६ मध्ये डॅलसमधल्या एका प्रयोगात दिसले. पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे पूर्ण झोपवून ठेवले, तर त्यांची श्रम करताना ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने जेवढे हिरावले नव्हते, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी हिरावले होते.

१९६४ मध्ये पिटमन आणि कोहेन या अमेरिकी वैद्यांनी हृदयजन्य खंगण्यामागची कारणे नीट मांडायचा प्रयत्न केला, पण तो काळ झडपांचा, कॅथेटरचा आणि शस्त्रक्रियांचा होता. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला पहिले हृदयरोपण झाले आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी ते भारतात केले. पुढे रोपण झालेले रोगी वर्षानुवर्षे जगू लागले, तेव्हा एक अडचणीचा प्रश्न समोर आला. छातीत नवे हृदय आहे, रक्त जोमाने वाहते आहे, तरी जिने चढताना दम का लागतो? १९८१ मध्ये फ्रॅन्सिओसा आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गाठ सोडवली, किंवा खरे तर घातली: स्वस्थ बसलेल्या रोग्याच्या हृदयाचे पंपिंग आणि त्याची श्रम करण्याची ताकद यांचा मेळच बसत नव्हता. ज्या आकड्याचे आपण फोनवर पारायण करतो, तो रोगी किती चालेल हे सांगत नाही.

मग संशोधक छातीवरून खाली उतरले. १९८०च्या दशकात चुंबकीय तंत्राने हाताच्या स्नायूंमधली ऊर्जेची रसायने मोजली गेली. हार्ट फेल्युअरच्या रोग्यांचा स्नायू हलक्या कामानेही लवकर आंबत होता, आणि त्याला रक्त कमी पडते एवढेच त्याचे कारण नव्हते. १९९२ मध्ये हेल्मुट ड्रेक्सलर यांनी रोग्यांच्या मांडीतून स्नायूचे कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. दीर्घकाळ न थकता काम करणारे तंतू कमी झाले होते आणि पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या, मायटोकाँड्रिया, उणावल्या होत्या. त्याआधी, १९९० मध्ये, बळावलेल्या हृदयविकारात रक्तातले टीएनएफ वाढलेले आढळले होते. हे तेच द्रव्य, ज्याला खंगवणारे म्हणून आधी ‘कॅकेक्टिन’ असे नाव मिळाले होते. १९९४ मध्ये अँड्र्यू कोट्स यांनी हे तुकडे जोडून ‘स्नायू-सिद्धांत’ मांडला. हृदय दुबळे झाले की स्नायू झिजतो. झिजलेला स्नायू थोड्या कामानेही मेंदूकडे तक्रार पाठवतो, त्यामुळे श्वास वाढतो, रक्तवाहिन्या आवळतात, आणि तो ताण पुन्हा हृदयावरच येतो. रोग्याला जो दम वाटतो, त्याचा काही भाग मांडीतून निघालेला असतो. याच कोट्स यांनी १९९० मध्ये अकरा रोग्यांना घरी सायकल चालवायला लावून त्यांची ताकद वाढलेली दाखवली होती. एर्टेलच्या टेकडीवरची वाट शंभर वर्षांनी पुन्हा सापडली.

या साऱ्या वाटेवरचे मोठे वळण १९९७ चे. स्टेफान आंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये १७१ रोग्यांची नोंद ठेवली. सहा महिन्यांहून अधिक काळात, सूज नसतानाचे वजन साडेसात टक्क्यांहून जास्त उतरले तर तो खंगलेला, अशी त्यांनी रेघ ओढली. असे २८ जण निघाले. दीड वर्षात त्यांच्यातले निम्मे दगावले. बाकीच्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. शिवाय वय, पंपिंग, श्रमक्षमता हे सारे हिशेबात धरूनही खंगणे स्वतंत्रपणे मृत्यूची चाहूल देत राहिले. हिपोक्रेटिसच्या परंपरेने जे नुसते पाहून म्हटले होते, त्याला आकडा मिळाला. वयाने स्नायू झिजण्याला ‘सार्कोपेनिया’ हा शब्द अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये दिला होता; दोन्ही प्रवाह मिळाले आणि २०१३ मध्ये २०० रोग्यांच्या एका युरोपीय पाहणीत दर पाचांतल्या एकाचे स्नायू उतरलेले आढळले. त्यांची ताकद आणि चालही उणी होती. उपायाच्या बाजूने मात्र घोडे अजून हळूच चालते आहे. २००९ मध्ये २,३३१ रोग्यांवरच्या मोठ्या चाचणीत व्यायाम सुरक्षित ठरला, फायदा बेताचाच दिसला. २०२१ मध्ये नुकत्याच इस्पितळात दाखल झालेल्या वृद्धांना तोल, ताकद आणि चालण्याचे धडे दिले, तर त्यांचे हिंडणेफिरणे सुधारले, पण पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण फारसे हलले नाही.

मधेच या वाटेला पुण्याहून एक पायवाट येऊन मिळते. केईएम रुग्णालय, पुणे येथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावत आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे लिफ्टचे दार मिटायच्या आत ती गाठणे, असा कबुलीजबाबही सोबत होता. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधली ३.५ किलोची; आपल्या बाळांत चरबी त्या मानाने टिकलेली आणि स्नायू कमी, हेही याच गटाने दाखवले होते. आपली शिल्लक जन्मापासूनच बेताची असेल, तर आजारपणात ती किती दिवस पुरणार, हा प्रश्न हृदयरोग्याच्या खाटेशी उभे राहून विचारण्यासारखा आहे.

अडचण मोजण्यातच आहे. चार किलो मांस गेले आणि चार लिटर पाणी आले, तर काटा जागचा हलत नाही, आणि घरचे म्हणतात, वजन टिकून आहे. एक्स-किरणांवर चालणारे डेक्सा यंत्र हात-पायांचे मांस वेगळे काढून दाखवते, पण सुजलेल्या पायातले पाणीही ते मांसाच्याच खात्यावर टाकते. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये सोप्या खुणा दिल्या. पोटरीचा घेर पुरुषात ३४ आणि स्त्रीत ३३ सेंटिमीटरहून कमी, हाताची पकड पुरुषात २८ आणि स्त्रीत १८ किलोहून कमी, किंवा खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद वा त्याहून जास्त, असे असले तर पुढे तपासायचे. हृदयाच्या ओपीडीत टेप पोटरीला लावला की घेर छान छत्तीस भरतो. मग नडगीवर अंगठा दाबायचा. तिथे खळगा पडतो आणि बराच वेळ भरून येत नाही. टेप गुंडाळून ठेवायचा, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवायची, आजोबांना हाताची घडी छातीशी घालायला सांगायची. पहिल्यांदा ते उठतात, दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी घडी सुटते आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकतात.