जावास्क्रिप्टमध्ये एकाच वेळी अनेक फाइल्स कशा वाचायच्या? कॉलबॅकची सोपी पद्धत

नोड जेएस शिकताना बहुतेक जण एका प्रश्नावर अडकतात: फाइल तर वाचली, मग उत्तर रिकामं का येतं? या लेखात ते समजून घेऊ.

उदाहरण

समजा, जरीपटक्यातल्या एका कापड दुकानाच्या तीन शाखा आहेत: जरीपटका, इंदोरा आणि सदर. प्रत्येक शाखेची दिवसाची विक्री वेगळ्या फाइलमध्ये आहे: ४२००, ३८५० आणि ५१०० रुपये. मालकाला रात्री एकूण बेरीज हवी, म्हणजे १३,१५०.

कॉलबॅक म्हणजे काय?

मोबाईल दुरुस्तीला दिला की आपण दुकानात बसून राहत नाही. नंबर देतो आणि म्हणतो, “झालं की कॉल करा.” कॉलबॅक म्हणजे नेमकं हेच. ‘रीडफाइल’ला आपण फाइलचं नाव आणि एक फंक्शन देतो. वाचन संपलं की नोड ते फंक्शन चालवतो. त्यात पहिली व्हॅल्यू एररची असते, दुसरी मजकुराची.

‘रीडफाइलसिंक’ मात्र काम होईपर्यंत पुढची ओळ चालू देत नाही. घरच्या छोट्या स्क्रिप्टला ते चालतं. सर्व्हरवर तेवढा वेळ बाकी सगळे युजर ताटकळतात. रायन डाल यांनी २००९ मध्ये नोड आणलं, ते हीच अडचण टाळायला.

गडबड कुठे होते?

लूप लावून तिन्ही फाइल्स वाचायला दिल्या आणि लगेच खाली बेरीज छापली, तर उत्तर शून्य येतं. कारण कॉलबॅक अजून चाललेलेच नसतात.

दुसरी गडबड जास्त धोक्याची आहे. फाइल्स दिलेल्या क्रमानेच वाचून होतील याची खात्री नसते. आलेला आकडा ‘पुश’ने अॅरेत टाकत गेलात, तर सदरची विक्री इंदोऱ्याच्या नावावर जाऊ शकते. एकूण बेरीज बरोबर दिसेल, म्हणून चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही!

बरोबर पद्धत

१. ‘निकाल’ नावाची रिकामी अॅरे घ्या. ‘बाकी’ या व्हेरिएबलमध्ये फाइल्सची संख्या ठेवा, इथे ३.
२. ‘फॉरईच’ने प्रत्येक फाइलवर ‘रीडफाइल’ चालवा. फाइलचा क्रमांकही सोबत घ्या.
३. एरर आली तर शेवटच्या कॉलबॅकला ती एकदाच कळवा आणि थांबा. त्यासाठी ‘संपलं’ असा एक फ्लॅग ठेवा, नाहीतर दोन फाइल्स बिघडल्या की तो दोनदा चालेल.
४. मजकूर ‘निकाल’मध्ये त्याच क्रमांकाच्या जागी ठेवा.
५. ‘बाकी’ एकने कमी करा. शून्य झाली की बेरीज करा आणि शेवटचा कॉलबॅक चालवा.

दोन कॉलबॅक एकदम ‘बाकी’ बदलतील अशी भीती नको. वाचन मागे वेगवेगळ्या थ्रेडवर होतं, पण कॉलबॅक एकामागून एकच चालतात.

हे विसरू नका

- ‘यूटीएफ-८’ सांगितलं नाही तर मजकुराऐवजी बफर मिळतो.
- वाचलेला आकडा स्ट्रिंग असतो. आधी नंबरमध्ये बदला, नाहीतर बेरजेऐवजी आकडे एकमेकांना चिकटतील.
- यादी रिकामी असेल तर एकही कॉलबॅक येणार नाही. तो केस आधीच तपासा.
- हजारो फाइल्स एकदम उघडल्या तर सिस्टिमची मर्यादा ओलांडून एरर येऊ शकते. थोड्या थोड्या घ्या.

मग प्रॉमिस कशाला?

२०१५ च्या जावास्क्रिप्टमध्ये प्रॉमिस आलं, २०१७ मध्ये ‘असिंक-अवेट’. ‘प्रॉमिस डॉट ऑल’ हीच मोजणी आणि क्रम स्वतः सांभाळतं, म्हणून नवीन कोडमध्ये मी तेच वापरतो. पण जुन्या प्रोजेक्टमध्ये कॉलबॅक भेटतातच. वरच्या पाच पायऱ्या एकदा हाताने लिहून पाहा, मग ‘प्रॉमिस डॉट ऑल’ आत काय करतं तेही लगेच समजेल.