वाक्वाची पोती

आमच्याकडे जुन्या गोष्टी निघाल्या की सगळे उसावर बोलत. कुठल्या मळ्यावरचा सिरदार, म्हणजे मुकादम, किती कडक होता, कापणीच्या दिवसांत पहाटे किती वाजता निघावं लागे, हेच. आजी मात्र वाक्वावर यायची. मॉरिशसची साखर एके काळी वाक्वाच्या पानांच्या पोत्यांतून जहाजावर चढायची आणि ती पोती बायका विणायच्या, तिची आईही त्यांतलीच. उसाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला, पोत्यांचा फार थोड्यांनी. म्हणून आजीचं सांगणं मला मोलाचं वाटतं.

भारतातून करारावर आणलेल्या मजुरांची पहिली तुकडी १८३४ मध्ये पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. पुढे मुंबई बंदरातून कोकणातली माणसं आली. आजोबा सांगत, त्या लोकांनी वाक्वा पाहिला आणि म्हणाले, हा तर केवडा! तशीच लांब काटेरी पानं, तशीच खोडापासून जमिनीत उतरलेली आधारमुळं. केवड्याच्या बनात नाग असतो, या समजुतीने मुलांना तिकडे फिरकू देत नसत. या बेटावर विषारी साप नाहीत हे कळायला त्यांना बरेच दिवस लागले. झाडाचं नातं त्यांनी ओळखलं ते खरंच होतं. केवडा आणि वाक्वा दोन्ही पँडॅनस या एकाच प्रजातीतले.

पान कापणं सोपं, पुढचं काम हातांची परीक्षा घेणारं. पानाच्या दोन्ही कडांना आणि खालून मधल्या शिरेवर लालसर काट्यांची रांग असते. आजी सुरीचं टोक बुंध्याशी रोवून एका झटक्यात कड सोलून काढायची, मग शीर. उरलेल्या पानाच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या काढून उन्हात टाकायची. वाळल्या की प्रत्येक पट्टी सुरीच्या पाठीवरून ओढायची, म्हणजे ती मऊ पडते आणि विणताना तुटत नाही. पट्टी नीट ओढलेली नसेल तर आजी बोटांनीच ओळखायची आणि बाजूला टाकायची. चटया, टोप्या, बाजाराची पिशवी, सगळं यातूनच व्हायचं. त्या पिशवीला आम्ही क्रिओलमध्ये तांत म्हणतो.

मग तागाची पोती आली, घायपाताच्या वाखाची आली. १९८० मध्ये पोर्ट लुई बंदरात सुटी साखर थेट जहाजात भरण्याची सोय झाली आणि पोत्यांचं कामच उरलं नाही. २०१६ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यावर तांत पुन्हा बाजारात दिसू लागली, याचा मला मनापासून आनंद आहे.

विणायच्या वाक्वाची मला चिंता नाही, तो लावून वाढवता येतो. खरी काळजी रानातल्या त्याच्या भावंडांची. पँडॅनसच्या कितीतरी जाती या बेटाशिवाय जगात कुठेच नाहीत, आणि त्यांतल्या अनेक डोंगरमाथ्यावरच्या पाणथळीत वाढतात. पाणथळी बुजल्या, चहा-उसाच्या लागवडीखाली गेल्या, तशा त्या विरळ झाल्या. त्यांच्या पानांच्या बेचक्यांत हिरव्या पाली राहतात. जवळच ट्रोकेशिया ब्लॅकबर्नियाना नावाचं दुर्मीळ झुडूप असेल तर त्याच्या फुलांतला मध खायला त्या जातात आणि परागीकरण होतं. वाक्वाच्या गर्दीलगतच्या या झुडपांना लांबच्यांपेक्षा जास्त फळं धरतात, हे संशोधकांनी दाखवून दिलं आहे. बाहेरून आणलेला चिनी पेरू हे सगळं गिळत चालला आहे. पेत्रँला जंगलाचा काही भाग कुंपण घालून राखला आहे. तिथला पेरू माणसं हातांनी उपटतात. तो पुन्हा उगवतो, म्हणून हे काम थांबवता येत नाही. गणपतीच्या पत्रीत केवड्याचं पान मोलाचं मानणाऱ्या आम्हा मराठी मॉरिशसकरांनी एखादा रविवार तरी त्या उपटणाऱ्यांबरोबर घालवावा, असं मला फार वाटतं.