धाव, टायर आणि टन

'टायर' म्हटलं की आपल्याला काळं रबर दिसतं. पण इंग्रजीतला हा शब्द रबरापेक्षा कितीतरी जुना. लाकडी चाकाच्या कडेवर लोखंडी पट्टी चढवायचे, तिला टायर म्हणत. आपल्या मराठीत तिला शब्द आहे 'धाव'. बैलगाडीला टायर 'आले' असं आपण म्हणतो खरं, पण टायर तिला होतेच. फक्त लोखंडाचे होते.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे सध्या आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये चालणाऱ्या चर्चा. अलॉय व्हील्स सरळ करून रंगवून घ्यायची की नवीन घ्यायची, पंधरा इंचाची सोळा केली तर मायलेज किती पडेल, वगैरे. या चर्चा मी आवडीने ऐकतो. पण चाक दुरुस्त करणं आणि योग्य टायर निवडणं यावर ज्यांचं खरंखुरं पोट अवलंबून असतं अशी माणसं बघायची तर बीड जिल्ह्यात जावं लागेल. बीडहून सोलापूरकडे निघालं की मांजरसुंब्याच्या पुढे चौसाळा लागतं. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग २११, आता ५२. बालाघाटाचा हा कोरडवाहू पट्टा, आणि दिवाळीच्या आगेमागे इथून माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात.

आधी जुनं चाक बघू. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आणि आऱ्यांवर बसवलेले वक्र पुठे. (गावागावात नावं थोडी बदलतात.) लाकूड बहुतेक बाभळीचं. हे सगळं जागच्या जागी घट्ट आवळून धरते ती धाव. ती मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात. मग गोवऱ्यांच्या आरात लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, घणाने ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठतो, लाकूड करपल्याचा वास येतो, आणि धाव आकसून चाकाला असं आवळते की सगळे सांधे करकरतात.

आम्हाला इंजिनिअरिंगला हे 'श्रिंक फिट' नावाने शिकवलं. गणित सोपं आहे. चाकाचा व्यास पाच फूट धरला तर घेर साधारण पावणेपाच मीटर. लोखंड पाचशे अंशांनी तापलं तर एवढ्या घेराची धाव जवळजवळ २८ मिलिमीटरने वाढते, म्हणजे एक इंचाहून थोडी जास्तच. लोहाराला हा इंच अनुभवाने माहीत असतो. रेल्वेच्या चाकांवर पोलादी टायर चढवायची पद्धतही हीच.

उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसलं की धाव ढिली पडते. मग चाकं पाण्यात भिजत ठेवायची, म्हणजे लाकूड फुगतं. तेवढ्याने नाही भागलं तर धाव काढून, थोडी कापून, जोडून परत चढवायची. हेच आपलं 'व्हील रिफर्बिशिंग'! सुतार आणि लोहार दोघेही बलुतेदार, त्यामुळे मोबदला सुगीत धान्याच्या रूपाने. पीक बुडालं तर त्यांचंही बुडायचं. पण चाक दुरुस्त करायला खिशात रोकड लागत नसे, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता रबर. हवेच्या टायरचं पहिलं पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये घेतलं आणि जग ते विसरून गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना नव्याने शोधली. हा डनलॉप पेशाने जनावरांचा डॉक्टर होता. उत्तर भारतात टायरवाल्या गाडीला आजही 'डनलप' म्हणतात, म्हणजे एका पशुवैद्याचं नाव बैल-रेड्यांच्या गाडीला लागलं. योगायोग असावा तर असा. कंपनीने १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला कारखाना काढला. तो कारखाना आता बंद पडलाय, पण गाडीचं नाव टिकलं.

बैलगाडीला रबर लावावं असं वाटणाऱ्यांमध्ये रस्त्यांचे इंजिनिअरही होते, आणि त्यांना बैलापेक्षा रस्त्याची काळजी जास्त होती. धाव जेमतेम दोन इंच रुंद. गाडीत एक टन माल म्हणजे एका चाकावर पाचशे किलो. कडक रस्त्यावर धाव टेकते ती जागा दहा-पंधरा चौरस सेंटिमीटरची. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३५ ते ५० किलो! हवेच्या टायरचा जमिनीवरचा दाब मात्र साधारण आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो, गाडीच्या टायरला समजा तीन किलो. खडी-मुरमाच्या रस्त्याला धावेने चरे पडतात ते का, हे एवढ्यावरून कळतं. मोटारी आल्या आणि भांडण वाढलं, कारण मोटारीला सपाट रस्ता हवा आणि बैलगाडी तो कापणार. १९२७ मध्ये सरकारने रस्त्यांसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे १९४३ मध्ये देशभरच्या मुख्य अभियंत्यांनी नागपुरात बसून रस्त्यांचा आराखडा केला, तो 'नागपूर प्लॅन'. बीड मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात, ते थेट सप्टेंबर १९४८ पर्यंत.

मराठवाड्यातल्या अनेक रस्त्यांची खडी पुढे १९७२ च्या दुष्काळात हातांनी फोडली गेली. त्याच दुष्काळाने कोरडवाहू माणसाला उसाच्या फडाकडे आणखी ढकललं. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखाने १९५० पासून उभे राहत होते आणि त्यांना तोडणीला माणसं हवी होती. बैलजोडी आणि नवरा-बायकोचा एक 'कोयता', असं कुटुंबच्या कुटुंब निघायचं. कोणी 'गाडी सेंटर'ला, ज्याच्याकडे बैल नाहीत तो 'डोकी सेंटर'ला.

आणि इथे टायरगाडी आली. लोखंडी आख, बॉल बेअरिंग, हवेचे टायर. भुसभुशीत फडात लाकडी चाक रुततं, टायर रुतत नाही. कमी ओढीत जास्त माल जातो. बऱ्याच ठिकाणी ही गाडी कारखान्याची असते, तिचं भाडं कापून घेतात. बैल तोडणाऱ्याचे, टायर कारखान्याचा!

मग प्रश्न असा की ही वाचलेली ओढ कुणाच्या पदरात पडली?

याचं उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडतं. १९६५ चे केंद्र सरकारचे नियम आहेत, ओढकामाच्या जनावरांवर क्रूरता होऊ नये म्हणून केलेले. त्यात मोठ्या बैलाच्या दोनचाकी गाडीला भाराची मर्यादा अशी: हवेचे टायर नसतील तर ९०० किलो, हवेचे टायर असतील तर १३५०, बॉल बेअरिंग असेल तर १८००. मध्यम बैलाला ७००, १०५०, १४००. लहान बैलाला ५००, ७५०, १०००. भागून बघा, तिन्हीकडे प्रमाण नेमकं २:३:४. म्हणजे बैल तोच, ओढ तीच धरली, आणि चाक सुधारल्याने जे काही वाचलं ते सगळंच्या सगळं भारात घातलं. क्रूरता रोखणाऱ्या नियमानेच! एक किलोही बैलाच्या वाट्याला ठेवला नाही.

मला नियम करणाऱ्यांना खलनायक ठरवायचं नाही. मजुरीच जिथे टनावर आहे तिथे कुठलाही माणूस हेच करणार. मुकादमाची उचल फेडायची असते, आणि ती टनांनीच फिटते. गाडीवर दीड-दोन टन ऊस रचतात तो हौस म्हणून नाही. पण बिघडतं कुठे ते बघा. टायर आणि बेअरिंगने ओढायला लागणारा जोर कमी होतो, भरल्या गाडीचं वजन कमी होत नाही. उतारावर ब्रेक नसलेली गाडी थोपवायची ती बैलाने, मानेवरच्या जुवाने. लाकडी चाकाचं घर्षण चढावर वैरी होतं, उतारावर मात्र मदतीला यायचं. ती मदत गेली, आणि भार दीडपट-दुप्पट झाला.

टायर निवडायचा विषय आता थोडक्यात, कारण तो आपल्या निवडीच्या बरोबर उलटा आहे. स्पोर्ट्स कारचं चाक इंजिनाने फिरतं, त्यामुळे तिथे पकड महत्त्वाची, म्हणून रुंद आणि बुटका टायर. बैलगाडीचं चाक ओढलं जातं, त्याला पुढे ढकलणारी पकड लागतच नाही. तिथे हवेत उंच टायर आणि सरळ रेघांची नक्षी. 'अ‍ॅनिमल ड्रॉन व्हेइकल' म्हणून १९ इंची रिमचे खास टायर मिळतात ते असेच. वेग ताशी चार-पाच किलोमीटर, टायर तापण्याचा प्रश्न नाही. म्हणून नक्षी झिजलेला जुना टायरही चालतो. बघायचं ते बाजूच्या भिंतीला चिरा आहेत का, आतले दोरे दिसतात का, आणि रिमवर बसणारी तार शाबूत आहे का. गाळप संपल्यावर गाडी उन्हात महिनोन् महिने उभी राहते, हवा उतरते आणि चिरा तिथेच पडतात. आखाखाली दगड लावून चाकं अधांतरी ठेवली तर टायर जास्त टिकतो. राहिला वेड्या बाभळीचा काटा, त्याला कुठलाही ब्रँड पुरा पडत नाही.

आणि पंक्चर काढायला रोकड लागते. ते मघाचं बलुतं आठवा. धाव गावात चढायची आणि हिशोब सुगीत व्हायचा. टायर, ट्यूब, बेअरिंग, ग्रीस यांचा हिशोब जागच्या जागी, आणि हंगामात हातात रोकड नसेल तर पुन्हा मुकादमाकडेच. सुतार-लोहाराचं काम गेलं ते वेगळंच.

आता अनेक कारखान्यांवर ट्रॅक्टर आणि तोडणी यंत्रं वाढली आहेत, बैलगाड्या कमी होत चालल्या. बीड शहराला तर १७ सप्टेंबर २०२५ ला रेल्वेही आली. तोवर तिथे जे काही आलं-गेलं ते रस्त्यावरच्या चाकांवर.

जुनी लाकडी चाकं मात्र तुम्ही नक्की पाहिली असतील. हायवेवरच्या 'गावरान' हॉटेलांच्या दारात, पॉलिश मारून भिंतीला टेकवलेली. पुढच्या वेळी पिठलं-भाकरीची ऑर्डर येईपर्यंत जरा जवळ जाऊन धावेला हात लावून बघा. बहुतेकदा ती हलते. वर्षानुवर्षं उन्हात उभं राहून आतलं लाकूड आकसलेलं असतं.